पाटीचा अर्थ
मन न लावता, केवळ वेळ भरण्यापुरते केलेल्या कामाला मराठीत ‘पाट्या टाकणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार आज कचेऱ्यांत आणि शाळांत ऐकू येत असला, तरी त्याचे मूळ मातीकामात आहे. पाटी म्हणजे माती वाहण्याची टोपली. ती भरावी, रिती करावी आणि पुन्हा वळावे. बांध कशासाठी, पाणी कोणाच्या शेताला, याचा विचार मजुराकडे नाही. या फेऱ्यांवरूनच शब्दाला लाक्षणिक अर्थ आला.

‘वेठ’ हा शब्द याच कुळातला. संस्कृत ‘विष्टि’पासून तो आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘विष्टि’ म्हणजे सक्तीचे श्रम. फारसीतून आलेल्या ‘बिगार’चा अर्थही तोच, हिंदीत तर ‘बेगार टालना’ म्हणजे काम कसेबसे उरकणे. जेथे श्रमाला मोल नाही आणि फळाशी नाते नाही, तेथे निष्काळजीपणा येतो, अशी साक्ष भाषाच देते.

मात्र टेंभुर्णीसारख्या दुष्काळी मुलखातील गावाने हा शब्द जपून वापरावा. शेजारच्या मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेल्या कामातून उभा राहिला. पुढे १९७२ च्या दुष्काळात राज्यातील लाखो स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर राबले. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. या योजनेत मजुरी कामाच्या मापावर ठरे. खोदाई कमी भरली, तर दामही कमी. म्हणजे ज्यांनी खरोखर पाट्या टाकल्या, त्यांच्या कामाचे माप घेतले जात होते. ज्यांच्या कामाला असे माप नाही आणि वेतन मात्र ठरलेले आहे, त्यांच्याच व्यवहारात हा शब्द हिणवण्यासाठी रुळला, हा विपर्यास होय.

कारकुनाने सातबाऱ्यावरील नोंद चुकवली, तर हेलपाटे शेतकऱ्याला पडतात. शिक्षकाने धडा उरकला, तर उणीव विद्यार्थ्याच्या पदरी येते. या नुकसानीचे माप कोणत्याही वहीत नसते. ते ज्याचे त्यानेच घ्यावे लागते. परंतु केवळ कानउघाडणी करून वरिष्ठांची सुटका होत नाही. निरर्थक तक्ते भरायला लावणे, ही वेठच आहे. कामाचा हेतू सांगावा, चांगल्या कामाची दखल घ्यावी आणि मगच त्याचा जाब विचारावा. पाटी कोणत्या बांधासाठी आहे, हे कळले की ती टाकणाऱ्याचा हातही बदलतो.