फाइल तीच, नाव तेच, तरी कंप्युटरला सापडत नाही; कॅपिटल-स्मॉलचा हा घोळ नेमका काय आहे?

वेबसाइट लॅपटॉपवर नीट चालते. फोटो दिसतात, बटणं काम करतात. तीच वेबसाइट इंटरनेटवर चढवली की फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

कारण अनेकदा साधं असतं. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आहे आणि कोडमध्ये ते स्मॉल लिहिलंय. विंडोजच्या लॅपटॉपला दोन्ही नावं एकच वाटतात, लिनक्सच्या सर्व्हरला ती वेगळी वाटतात.

दिघीसारख्या भागात हा घोळ फक्त विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टपुरता राहत नाही. इथे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, शेजारी भोसरीची एमआयडीसी आणि पुढे चाकणचा कारखान्यांचा पट्टा. एकच ड्रॉइंग डिझायनरच्या विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर, तिथून क्लाउडवर आणि मग सप्लायरच्या लॅपटॉपवर जाऊ शकतं.

समजा, सर्व्हरवर 'ब्रॅकेट' नावाची दोन ड्रॉइंग आहेत. एकाचा 'बी' कॅपिटल, दुसऱ्याचा स्मॉल. एक जुनं, एक सुधारलेलं. लिनक्सवर दोन्ही शेजारी-शेजारी राहतात. विंडोजवर कॉपी करताना मात्र एकाच नावाची जागा उरते. काही प्रोग्राम विचारतात, काही न विचारता एकावर दुसरं लिहून टाकतात. जुनं ड्रॉइंग टिकलं, तर मशीनवर जुन्याच मापाचा जॉब निघेल.

तिघांचे नियम वेगळे का?

कंप्युटरला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. इंग्रजीतल्या कॅपिटल 'ए'चा आकडा ६५, स्मॉल 'ए'चा ९७. आकडे वेगळे म्हणजे नावं वेगळी, हा सरळ हिशोब १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सने धरला. लिनक्स त्याच वळणावर गेलं.

१९८१ च्या एमएस-डॉसमध्ये फाइलचं नाव कॅपिटलमध्येच साठवलं जायचं, त्यामुळे फरकाचा प्रश्नच नव्हता. १९९५ च्या विंडोजपासून तुम्ही लिहिलेलं कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं जपलं जाऊ लागलं, पण शोधताना फरक मानायचा नाही, हा जुना नियम कायम राहिला. मॅकही मूळ सेटिंगमध्ये असंच वागतो.

म्हणजे विंडोज आणि मॅक नाव जपतात, पण भेद करत नाहीत. लिनक्स भेद करतं.

क्लाउडवाल्यांचे नियम आणखी निराळे. ड्रॉपबॉक्स अशा दोन फाइल्स सापडल्या की एकीच्या नावापुढे 'केस कॉन्फ्लिक्ट' अशी शेपटी लावतं. गूगल ड्राइव्ह तर एका फोल्डरमध्ये अगदी हुबेहूब नावाच्या दोन फाइल्सही ठेवू देतं.

याचं गाजलेलं उदाहरण लिनक्सच्याच कोडमध्ये आहे. त्याच्या नेटवर्क विभागात 'एक्सटी मार्क' नावाच्या दोन फाइल्स आहेत, एकीतला 'मार्क' कॅपिटलमध्ये, दुसरीतला स्मॉलमध्ये. एक नेटवर्कवरच्या पाकिटावर खूण करण्यासाठी, दुसरी ती खूण तपासण्यासाठी. हा कोड साध्या विंडोज फोल्डरमध्ये उतरवला की जोडीतली एकच फाइल उरते.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठून आला?

कोड सांभाळणाऱ्या 'गिट' या प्रोग्रामचं एक लपलेलं फोल्डर असतं. त्यात बाहेरच्याने काही लिहू नये म्हणून गिट नाव तपासतं. डिसेंबर २०१४ मध्ये उघड झालं, की तेच नाव कॅपिटल अक्षरात लिहिलं तर गिटची तपासणी चुकत होती. गिटला नाव वेगळं वाटायचं, पण विंडोज आणि मॅक ती फाइल त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचे. हल्लेखोराला तुमच्या कंप्युटरवर हव्या त्या कमांड चालवता येत होत्या.

मे २०२४ मध्ये याच जातीची आणखी एक त्रुटी सापडली. मुद्दाम रचलेला प्रोजेक्ट नुसता डाउनलोड केला, तरी त्यातला कोड चालू शकत होता. गिटने २.४५.१ या आवृत्तीत ती बुजवली. २०२५ मध्ये 'कर्सर' या एआयवर चालणाऱ्या कोड एडिटरमध्येही संरक्षित फाइलचं नाव कॅपिटल-स्मॉल बदलून लिहिलं की पहारा चुकवता येत असल्याचं समोर आलं.

सगळीकडे गोम एकच. दारावरचा वॉचमन आणि घरातली माणसं यांच्याकडे नावांच्या दोन वेगळ्या याद्या आहेत.

लिनस टोरवाल्ड्स का चिडले?

एप्रिल २०२५ मध्ये 'बीकॅशएफएस' या फाइल सिस्टिमवरून झालेल्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅपिटल-स्मॉल एक मानणारी व्यवस्था मुळातच चुकीची असल्याचं ठणकावलं. सुरक्षेचा मुद्दाही मांडला.

पण दुसरी बाजूही आहे. सामान्य माणसाला कॅपिटल 'डी'ची दिघी आणि स्मॉल 'डी'ची दिघी एकच वाटते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. विंडोजसाठी बनलेले गेम लिनक्सवर चालवायचे तर तसा नियम लागतोच. म्हणून २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीतही ठरावीक फोल्डरपुरती ही सोय आली.

मराठीत कॅपिटल नाही, मग आपण सुटलो?

नाही. दिघीशेजारच्या चऱ्होलीचं नाव टाइप करून बघा.

त्यातला अर्धा 'ऱ' तीन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे सबंध अक्षर आणि हलन्त. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि जोडणारी एक अदृश्य खूण. स्क्रीनवर तिन्ही 'चऱ्होली' सारख्याच दिसतात. कंप्युटरसाठी मात्र आकड्यांच्या त्या तीन वेगळ्या रांगा असतात.

युनिकोडच्या नियमानुसार पहिल्या दोन रांगा समान मानायच्या, तिसरी नाही. पण विंडोज आणि लिनक्स सहसा ही समानता बघतच नाहीत. त्यामुळे एका फोल्डरमध्ये 'चऱ्होली'च्या तीन फाइल्स राहू शकतात आणि शोधताना एखादीच सापडते. जुने मॅक पहिल्या प्रकारचं नाव स्वतःहून दुसऱ्या प्रकारात बदलून साठवायचे.

मग अदृश्य खूण सरळ दुर्लक्षित केली तर? तिसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'तून ती खूण काढली की उरतो 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र कंप्युटरला एकच वाटतील. सगळ्यांना चालेल असा एक नियम अजून का बनला नाही, ते इथे कळतं.

मग करायचं काय?

• ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकच नियम पाळा. इंग्रजी नाव असेल तर सगळी अक्षरं स्मॉल, स्पेसऐवजी छोटी आडवी रेघ.

• सुधारित ड्रॉइंगचा फरक कॅपिटल अक्षराने दाखवू नका. नावात रिव्हिजन नंबर किंवा तारीख टाका.

• फक्त कॅपिटल-स्मॉल बदलायचं असेल तर दोन टप्प्यांत बदला. आधी वेगळंच नाव द्या, मग हवं ते. गिटमध्ये त्याच्या स्वतःच्या 'मूव्ह' कमांडने बदला.

• डाउनलोड करताना नावं एकमेकांवर आदळल्याची सूचना गिटने दिली, तर ती वाचा. काही फाइल्स तुमच्यापर्यंत पोचलेल्या नाहीत, असा तिचा अर्थ. गिट आणि एडिटर अपडेट ठेवा.

• मराठी नावं जरूर द्या, पण सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा. 'ऱ' असलेलं नाव पुन्हा टाइप करण्यापेक्षा आधीच्या फाइलवरून कॉपी करा.

आणि एका सिस्टिमवरून दुसरीवर बॅकअप घेतला की दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या मोजा. आकडा जुळत नसेल, तर मूळ फोल्डर डिलीट करण्याआधी कुठली फाइल गळली ते शोधा.