लाखांची गर्दी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

स्टेडियममध्ये एखाद्या नामांकित गायकाचा मोठा जलसा झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गर्दीचा आकडा येतो. कोणी पन्नास हजार लिहितो, कोणी सत्तर हजार, कोणी सरळ लाख. वाचणारा आकडा वाचतो आणि विसरून जातो. व्यापाऱ्याला तसे करून चालत नाही. पुढच्या जलशासाठी टी-शर्ट शिवणारा, टोप्या भरणारा, खाण्यापिण्याची गाडी लावणारा याच आकड्याच्या भरवशावर माल घेतो, आणि पुष्कळदा तो माल उधारीवर असतो. आकडा फुगलेला निघाला तर जलसा भरवणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते शिलाई मशीनवर रात्र काढणाऱ्याचे.

भिवपुरीला बसून नवी मुंबईच्या जलशांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. भिवपुरी रोड हे कर्जत लोकलच्या मार्गावरचे स्टेशन. ठाण्याला गाडी बदलली की नेरूळ, आणि नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम. आमच्या पट्ट्यातला कारागीर तेथे माल घेऊन सहज जाऊ शकतो. तेव्हा तेथे माणसे किती येतात आणि त्यांतली गिऱ्हाइके किती, हा प्रश्न आमच्याही पोटापाण्याचा आहे.

प्रथम मुंबईचेच जुने उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्या रात्री किती माणसे होती? ३५ हजारांपासून ७० हजारांपर्यंत वेगवेगळे आकडे आजवर छापले जातात. एकच मैदान, एकच रात्र आणि आकड्यांत दुपटीचा फरक! पण या कार्यक्रमाला दुसरी एक बाजू होती. तिकिटांवरचे करमणूक शुल्क माफ करण्याचा निर्णय तेव्हाच्या राज्य सरकारने घेतला, त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा माफीचा निर्णय घेतला. ती रक्कम सव्वातीन कोटी रुपयांहून अधिक होती. यातून शिकण्यासारखे एवढेच, की करासाठी माणसे मोजायची तेव्हा कोणी डोळ्यांनी गर्दी मोजत नाही, तिकिटे मोजतो. शुल्काची रक्कम रुपयांत निघते, मग माणसांचा आकडा मात्र हवेत का राहावा?

याचे कारण साधे आहे. आकडा ज्याच्या तोंडून येतो त्याचा त्यात काही ना काही मतलब असतो. जलसा भरवणाऱ्याला पुढचा पुरस्कर्ता मिळवायचा असतो, म्हणून तो आकडा मोठा सांगतो. बंदोबस्त किती लागला हे पोलिसांना दाखवायचे असते. वार्ताहराला मथळा हवा असतो. फुकट पासवर आलेले, बंदोबस्ताचे शिपाई, वाद्यवृंदाचे नोकर आणि बाहेर उभे राहून गाणे ऐकणारे, हे सारे एका आकड्यात आले तर आकडा फुगतो. फक्त विकलेली तिकिटे धरली तर तो घटतो. दोघेही खोटे बोलत नसतील. त्यांची मापे निराळी आहेत, इतकेच. कापडाच्या बाजारातही एकाने वार धरला आणि दुसऱ्याने मीटर, तर थान एकच असून आकडे दोन येतात.

हा वाद जगभर आहे. १६ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनला लुई फराखान यांच्या हाकेवरून कृष्णवर्णीय पुरुषांचा प्रचंड मेळावा भरला. सरकारी उद्यान खात्याच्या पोलिसांनी ४ लाखांचा अंदाज दिला. मेळावा भरवणाऱ्यांचे म्हणणे त्याच्या कितीतरी पट होते, आणि त्यांनी कोर्टात जाण्याची भाषा केली. मग बोस्टन विद्यापीठातील मूळचे इजिप्तचे शास्त्रज्ञ फारूक अल-बाज यांच्या पथकाने वरून घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजणी केली. आधी ८ लाख ७० हजार आणि नंतर सुधारून ८ लाख ३७ हजार, असा त्यांचा आकडा आला. मुख्य म्हणजे चूक किती टक्के इकडेतिकडे असू शकते, हेही त्यांनी सोबत सांगितले. या भांडणानंतर त्या उद्यान खात्याने गर्दीचे आकडे देणेच सोडून दिले. आमच्या मते येथे धडा अल-बाज यांच्याकडून घ्यावा. आकडा सांगा, आणि त्यात कमी-जास्त किती तेही सांगा.

मोजण्याची रीत काही अवघड नाही. १९६० च्या दशकात बर्कले येथे पत्रकारिता शिकविणारे हर्बर्ट जेकब्स आपल्या खिडकीतून खालच्या चौकातील विद्यार्थ्यांच्या सभा पाहत. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतली माणसे मोजायची, सरासरी काढायची आणि एकूण चौकोनांनी गुणायचे, ही त्यांची पद्धत. त्यावरून जे माप रूढ झाले ते असे: मोकळ्या गर्दीत एका माणसाला १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार चौरस फूट, आणि अगदी चेंगरलेल्या गर्दीत अडीच चौरस फूट जागा. आमच्या शिंप्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कापड किती, पन्हा किती आणि एका सदऱ्याला लागते किती, हे कळले की सदरे किती निघतील हे तो कात्री लावण्याआधीच सांगतो.

आता हा हिशेब नेरूळच्या मैदानाला लावून पाहू. क्रिकेटच्या मैदानाची त्रिज्या ७० मीटर धरली तर क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर, म्हणजे १ लाख ६५ हजार चौरस फूट होते. रंगमंच, ध्वनियंत्रांचे मनोरे, कठडे आणि येण्याजाण्याच्या वाटा यांसाठी एक तृतीयांश जागा वजा करा. उरले १ लाख १० हजार चौरस फूट. मोकळी गर्दी असेल तर त्यात ११ हजार माणसे मावतात, दाट असेल तर २४ हजारांच्या आसपास. आता गॅलरी. या स्टेडियमची क्षमता ४५ ते ५५ हजार अशी लिहिली जाते. आपण ४५ हजार धरू. रंगमंचाच्या पाठीमागच्या खुर्च्यांवरून काही दिसत नाही, म्हणून चौथा हिस्सा कमी करू. उरल्या सुमारे ३४ हजार खुर्च्या. एकूण बेरीज ४५ ते ५८ हजार. क्षमता ५५ हजार धरली तरी ती ६५ हजारांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे या मैदानात एका रात्री लाख माणसे होती असे कोणी सांगितले, तर तो आकडा तेथल्या तेथेच बाद करावा.

उलट अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमची आसनक्षमताच १ लाख ३२ हजार आहे. कोल्डप्ले या इंग्लिश वाद्यवृंदाचे तेथे २५ आणि २६ जानेवारी २०२५ रोजी दोन कार्यक्रम झाले. दोन दिवसांत मिळून दोन लाखांहून अधिक लोक आल्याचे सांगितले गेले, आणि जागेच्या हिशेबाने ते बसते. तेव्हा लाख हा शब्द ऐकून भुलू नये आणि दचकूही नये. आधी मैदान केवढे ते विचारावे.

याच वाद्यवृंदाचे नेरूळला १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ असे तीन कार्यक्रम झाले. तीन दिवसांची बेरीज करून एकच आकडा सांगितला की तो दीड लाखाच्या घरात जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की दीड लाख एका रात्री आले. त्याहून मोठा घोळ तिकीटविक्रीच्या आकड्याने होतो. २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्री सुरू झाली तेव्हा संगणकाच्या रांगेत १ कोटी ३० लाख लोक होते, असे तिकीट विकणाऱ्या कंपनीने सांगितले. हा आकडा इच्छेचा आहे, गर्दीचा नाही. ईदच्या आधी दुकानात शिरून भाव विचारणारे आणि पावती फाडून घेणारे यांतला फरक कोणत्या दुकानदाराला ठाऊक नाही?

जागेचा हिशेब ताडून पाहण्यासाठी आणखी दोन मापे आहेत. पहिले दरवाजांचे. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत. चार तासांत ५० हजार आत घ्यायचे तर किमान १९ फाटके अखंड चालली पाहिजेत. पिशव्या तपासायच्या असतील तर त्याहून बरीच जास्त. दुसरे माप गाड्यांचे. बारा डब्यांच्या लोकलमध्ये अगदी कोंबून साडेचार हजार माणसे धरली, आणि ५० हजारांतली निम्मी रेल्वेने निघाली, तर पाच-सहा गच्च भरलेल्या गाड्या लागतात. जागा, दरवाजे आणि गाड्या, ही तिन्ही मापे जवळपास एकाच आकड्याकडे बोट दाखवू लागली की अंदाजावर भरवसा ठेवावा.

पण माणसांची संख्या कळली म्हणजे खप कळला असे नाही. समजा ५० हजार माणसे आली आणि दरवाजे चार आहेत. तुमच्या गाडीसमोरून फार तर साडेबारा हजार जातील. त्यांतल्या शंभरांपैकी दोघांनी खरेदी केली तर अडीचशे नग खपले. तेही जलशाआधीच्या तीन-चार तासांत. जलसा संपल्यावर कर्जत-कसाऱ्याकडचा माणूस गाडी गाठण्याच्या घाईत असतो, तो टोपीचा भाव करायला थांबत नाही. पन्नास हजारांचा आकडा ऐकून ज्याने दोन हजार नग भरले, त्याचे साडेसतराशे नग परत येतील. ज्या गायकाचे नाव छापले त्याच्या कार्यक्रमाची तारीख उलटली की तो माल चिंध्यांच्या भावाने जातो. शिवाय परवानगीवाचून गायकाचे नाव किंवा चिन्ह छापणे हा व्यापारचिन्ह कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि माल जप्त होऊ शकतो. त्यापेक्षा सुती रुमाल, साधी टोपी, साधी कापडी पिशवी बरी. आज नाही खपली तर उद्या बाजारात खपते.

गर्दीचा अंदाज चुकला तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड जलशाला सुमारे ५० हजार लोक होते. एकूण मैदान अपुरे नव्हते, पण रंगमंचासमोरच्या एका भागात इतकी दाटी झाली की दहा जणांचा जीव गेला. ४ जून २०२५ रोजी बंगळूरला क्रिकेट विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा जण दगावले. आत सुमारे ३५ हजारांची सोय आणि बाहेर दोन-तीन लाख माणसे, असे तेथील मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. एका ठिकाणी आतली दाटी मोजायची राहिली, दुसऱ्या ठिकाणी बाहेरची गर्दी. आणि बाहेरच्या गर्दीतच आमचा फेरीवाला आपली गाडी घेऊन उभा असतो. म्हणून गाडी लावताना आधी निघायची वाट पाहून ठेवावी, आणि कोंडी होणाऱ्या तोंडावर जास्त खप होईल या लालचीने उभे राहू नये.

आमची मागणी साधी आहे. आज प्रत्येक तिकिटावरचा संकेत दरवाजावर यंत्राने वाचला जातो. आत किती गेले हे आयोजकाला त्याच रात्री कळते. करमणूक शुल्काची जागा २०१७ पासून जीएसटीने घेतली आहे, म्हणजे कराच्या दप्तरातही विक्रीची नोंद असते. मग प्रत्येक मोठ्या जलशानंतर दरवाजानिहाय आकडा जाहीर करण्याची अट पोलीस परवान्यातच का घालू नये? रेल्वेला गाड्या ठरवायला, पालिकेला सफाईला आणि छोट्या धंदेवाल्याला मालाला त्याचा उपयोग होईल. ज्या रस्त्यावर त्या दिवशी अवजड वाहने बंद केली जातात आणि आमचा माल अडकतो, त्या रस्त्यावरून खरोखर किती माणसे गेली हे जाणून घेण्याचा हक्क व्यापाऱ्यालाही आहे.

तोपर्यंत आमच्या बांधवांनी स्वतःची मोजणी स्वतः करावी. भिवपुरीच्या धबधब्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी जी गर्दी उतरते, तिच्यावर ही रीत आधी आजमावून पाहावी. स्टेशनबाहेर उभे राहून दहा मिनिटांत किती माणसे गेली ते मोजा, गाड्यांच्या वेळांशी ताडा, आणि त्यांतल्या कितींनी काही विकत घेतले ते वहीत टिपा. चार रविवारांची वही तुमच्याजवळ असेल, तर लाखाचा मथळा दाखवून माल खपवायला येणाऱ्या दलालाला तुम्ही हिशेबाने उत्तर देऊ शकाल. कर्ज काढायचे झाले तर ते त्या वहीवर काढा, मथळ्यावर काढू नका.