संदेशांची वर्गणी

‘तार आली’ एवढें ऐकतांच ज्यांच्या छातींत धस्स होई, अशी वडील मंडळी अजून आपल्या घरांतून आहेत. ती तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं शेवटच्या तारा स्वीकारून बंद झाली. निरोप मात्र बंद झाले नाहींत. उलट, एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राला पाठवावयाचे निरोप इतके वाढले आहेत कीं, ते वाहून नेणें हा एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. जळगांव-धुळ्याकडील कॉलेजांत जाणारीं आपलीं मुलें ‘क्लाउड’, ‘पब-सब’ असे शब्द बोलतात, तीं याच धंद्याविषयीं. त्याचा आरंभ कसा करावा, तें आज पाहूं.

मासिकाच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटूं नये. प्रकाशक अंक काढतो. तो कोणीं केव्हां वाचला, याची त्यास वार्ता नसते. ज्यानें वर्गणी भरली, त्याच्या घरीं अंक पोंचतो. संगणकांच्या निरोपांचेंही तसेंच. निरोप एका ‘टॉपिक’वर प्रसिद्ध करावयाचा व ज्यांनीं त्या टॉपिकची वर्गणी घेतली, त्यांस तो मिळावयाचा. ही पद्धत व्यापारांत रूढ करणाऱ्यांत मुंबईस जन्मलेले विवेक रणदिवे प्रमुख होत. त्यांच्या ‘इन्फर्मेशन बस’नें वॉल स्ट्रीटवरील भाव एका संगणकावरून अनेकांवर नेले, पुढें १९९७ सालीं त्यांनीं टिब्को ही कंपनी काढली. आज गूगल, अॅमेझॉन अशा कंपन्या हीच सोय आपल्या संगणकांवर भाड्यानें देतात. तीच ‘क्लाउड’ सेवा.

गूगलच्या पब-सबचें उदाहरण घेऊं. या सेवेशीं बोलण्याचे नियम पुष्कळ व किचकट आहेत. ते जाणणारा तयार कारकून म्हणजे ‘क्लायंट लायब्ररी’. पायथॉन, जावा, गो इत्यादि भाषांसाठीं ती फुकट मिळते. प्रथम खातें उघडून एक ‘प्रोजेक्ट’ करावा. पैशाचें खातें जोडावें लागल्यास घरांतील कर्त्या माणसास आधीं विचारावें. नंतर आपली ओळख पटवावी. ओळखीची गुप्त किल्ली प्रोग्रामांत लिहून ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली ओसरीवरील खुंटीस टांगणें होय. मग लायब्ररी बसवावी, टॉपिक करावा, वर्गणी करावी आणि त्यानंतरच पहिला निरोप धाडावा. हा क्रम चुकला तर नवशिक्यास निरोप दिसत नाहीं व तो हताश होतो. कारण साधें आहे : वर्गणी भरण्यापूर्वींचे अंक वर्गणीदारास सहसा मिळत नसतात.

खरी मेख पोंचपावतींत आहे. निरोप मिळाल्यावर ठराविक वेळांत पोंच द्यावी लागते. ही मुदत मुळांत १० सेकंदांची असते; काम चालू असेतों लायब्ररी ती आपण होऊन वाढविते. पोंच न गेल्यास निरोप पुन्हां येतो. पोंच न मिळालेला निरोप साधारणतः ७ दिवस जपून ठेवला जातो. म्हणजे निरोप सहसा हरवत नाहीं, पण दोनदां येऊं शकतो.

याचा अर्थ खानदेशच्याच दोन कल्पित प्रसंगांवरून ध्यानांत येईल. भुसावळजवळील हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना तापीकांठच्या गांवांस दोनदां गेली, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. ती एकदांही न गेली, तर मात्र प्राणांशीं गांठ. उलट, केळीच्या मालाची रक्कम बागाईतदाराच्या खात्यावर जमा करण्याचा निरोप दोनदां अमलांत आला, तर हिशेब बुडाला! म्हणून दोन नियम पाळावे. पहिला, काम पुरें झाल्यावरच पोंच द्यावी. आधीं पोंच देऊन मध्येंच यंत्र बंद पडलें, तर तो निरोप गेलाच. दुसरा, प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो वहींत आधींच नोंदलेला नाहीं हें पाहावें, आणि नोंद व जमा हीं दोन्हीं एकदमच करावीं.

हें सर्व शिकण्यास पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करावें लागत नाहीं. गूगलनें या सेवेची एक नक्कल दिलेली आहे. ‘एम्युलेटर’ म्हणतात तिला. ती घरच्याच संगणकावर चालते व तिला पैसा पडत नाहीं. माहितीचे कागद बहुतेक इंग्रजींत आहेत, ही अडचण खरी. पण एक वाचील व दुसरा करून पाहील, अशीं दोघें भावंडें मिळून बसल्यास ती पुष्कळ हलकी होते. वडील मंडळींनीं इतकेंच करावें : मुलगा असो वा मुलगी, रोज दोन घटका त्यांस घरकामांतून मोकळें सोडावें, आणि ‘निरोप दोनदां आला तर तुमचा प्रोग्राम काय करील?’ असें अधूनमधून विचारावें. ज्यास याचें उत्तर देतां येईल, त्याच्या हातीं लोकांचा पैसा सोंपविण्यास हरकत नाहीं.