राष्ट्रपतींना वेगळा ध्वज हवाच कशाला?

१/३
१९५० ते १९७१ या काळात भारताच्या राष्ट्रपतींना स्वतंत्र ध्वज होता. निळ्या-तांबड्या चार चौकटींत सारनाथचे सिंह, अजिंठ्याचा हत्ती, लाल किल्ल्यातील न्यायाचा तराजू आणि सारनाथचाच कमलकुंभ.

२/३
तो रद्द झाल्याने वारसा पुसला गेला, असे म्हणणाऱ्यांनी त्याची मांडणी पाहावी. चिन्हे भारतीय खरी. परंतु चार चौकटींचा साचा ब्रिटिश राजध्वजाचाच. राजाला प्रजेहून निराळे निशाण लागते. प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला ते का लागावे?

३/३
ध्वजावरून उतरलेला हत्ती अजिंठ्याच्या भिंतीवर आहेच. १५ ऑगस्ट १९७१ पासून राष्ट्रपतींचा आणि खेड्यातील शाळेचा ध्वज एकच झाला: तिरंगा. निर्णय योग्यच होता. तो २१ वर्षे उशिरा झाला, एवढाच त्याचा दोष.