एकादशीच्या जागरात काय गावे?

आषाढी एकादशीच्या रात्री पंढरीत आणि गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत जागर होतो. त्या रात्री कोणता अभंग गावयाचा, हे ठरवितो कोण? गायकाचा गळा, श्रोत्यांची फर्माईश, की तिथी आणि वेळ? प्रश्न क्षुल्लक भासेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ध्रुवागीतांचे पाच प्रकार सांगितले आहेत : प्रावेशिकी, आक्षेपिकी, प्रासादिकी, आंतरा आणि नैष्क्रामिकी. पात्र रंगभूमीवर येताना एक गीत, जाताना दुसरे. चालू रस एकाएकी पालटावयाचा तर तिसरे. गीत गोड आहे एवढ्याने भागत नाही, ते त्या स्थानी शोभले पाहिजे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

वारकरी भजनात हाच विवेक शास्त्राचे नाव न घेता नांदतो. पहाटे काकडा, त्यात वासुदेव, आंधळे, पांगुळ ही रूपके, सायंकाळी हरिपाठ, भजनारंभी रूपाचा अभंग, पुढे गौळण, शेवटी भैरवी. वारांचे अभंगही ठरलेले असतात. सप्ताहाच्या अखेरीस काल्याच्या कीर्तनास श्रीकृष्णाच्या बाललीलेचाच अभंग लागतो. तेथे कोणी वैराग्याचा अभंग घेतलाच, तर टाळकरीच एकमेकांकडे पाहू लागतील. आम्हां नारदीय कीर्तनकारांस मोकळीक थोडी अधिक. पूर्वरंगाचे पद विषयावरून ठरते; उत्तररंगात आर्या, साकी, दिंडी, कटाव यांतून प्रसंगास अनुरूप ते निवडावयाचे. करुण प्रसंगी दिंडी जशी उतरते, तशी साकी उतरत नाही.

मागे एका उत्सवात आमचे चोखोबांचे आख्यान ऐन भरात असता यजमानांकडून चिठ्ठी आली. मागणी एका सुप्रसिद्ध अभंगाची, तोही भैरवीतला. आम्ही चिठ्ठी उपरण्याच्या गाठीस बांधली, आख्यान पुरे केले आणि भैरवीच्या वेळी तो अभंग म्हटला. यजमान किंचित रुसले; तो त्यांचा अधिकारच.

पं. भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी'ने संतांचे अभंग घराघरांत नेले, हे ऋण कोण नाकारील? तथापि ध्वनिमुद्रिकेवर जे पंधरावीस अभंग आले तेवढेच आपले, असे मानून चालणारी भजनी मंडळे पाहिली की चिंता वाटते. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कर्ममेळा यांची वाणी निराळीच. त्यांतले किती आपल्या जागरात ऐकू येते? छापील गाथेमुळे शब्द उरतील. चालीचे तसे नाही. ती तोंडातून कानात जाते. जाणती आजी किंवा जुना टाळकरी गेला की त्याच्याबरोबर चारदोन चाली जातात, आणि त्या कोणत्या होत्या हेही मागे कळत नाही. फर्माईश करणाऱ्याने चिठ्ठी लिहिण्यापूर्वी याचा थोडा विचार करावा. फर्माईश करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्या अभंगास कोणी विचारीत नाही, त्याची करावी!

आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास आहे. मध्ये अधिकमास न आल्यास दोन्ही धरून नऊ एकादशा होतात. घरोघरच्या मंडळींनी आणि गावच्या भजनी मंडळांनी प्रत्येक एकादशीस एक न गाइलेला अभंग काढावा. अर्थ आधी वाचावा, मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईस किंवा जुन्या टाळकऱ्यास विचारावे, याची चाल तुम्हांस येते का? न येईल तर ओवीच्या साध्या चालीवर म्हणावा. पांडुरंगास तालमीची अट नाही. पहिला मान सोयराबाईंच्या अभंगास द्यावा, असे आम्हांस वाटते. आणि तो आज रात्रीच.