विसर पडलेल्या ज्येष्ठांसाठी तालुक्यात दिवसभराची केंद्रे सुरू करण्याबाबत निवेदन

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती,
अहिल्यानगर

विषय : डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी तालुका पातळीवर दिवसभराची सांभाळ केंद्रे सुरू करणे आणि तेथील उपक्रम त्यांच्या ओळखीच्या जगण्यातून घेणे.

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातील स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या वृद्धांचे पती-पत्नी, मुलगे, मुली आणि सुना आहोत. काही जण नात्याने कोणीच लागत नाहीत, शेजारधर्म म्हणून सेवा करतात. त्यांच्याही सह्या सोबत आहेत. काल जागतिक अल्झायमर दिन झाला. त्या निमित्ताने आपल्यापुढे एकच विषय ठेवत आहोत : आमच्या माणसांचा दिवस. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज जगात कोठेही नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावले आहे आणि आम्ही ते मान्य केले आहे. पण सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ आमच्या माणसांनी बाहेरून कडी लावलेल्या खोलीत, भिंतीकडे बघत काढावा, हे मान्य करायला आम्ही तयार नाही.

घरोघरची स्थिती सारखीच आहे. आई स्वतःच्याच घरात बसून “मला घरी जायचंय” म्हणते. वडील मध्यरात्री उठून गुरांना वैरण टाकायला निघतात; गुरे विकून वर्षे लोटलेली असतात. गावात म्हणतात, म्हातारचळ लागला, वयाने व्हायचंच. असे म्हटले की तपासणीचा विषयच संपतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांनीही माणूस विसरू लागतो आणि त्यावर इलाज आहे, हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेलेच नसते.

‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती आणि राज्यात साठीपुढचे लोक सुमारे दहा टक्के होते. हेच प्रमाण येथे लावले तर जिल्ह्यात तीस हजारांहून अधिक माणसे या आजाराने ग्रासलेली असावीत. हा आमचा ढोबळ हिशेब आहे. खरा आकडा काढणे हे प्रशासनाचे काम. राज्यात डिमेन्शियासाठी दिवसभराची केंद्रे चालतात, मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने ती चालवली आहेत. पण अकोल्याच्या डांगाणातल्या किंवा जामखेडच्या माणसाने रोज मुंबईला कसे जावे?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, कारण चार-पाच महिने त्या मुलांकडे बघायला घरात कोणी नसते हे शासनाला पटले. मग ज्या आजीला चूल पेटवून ती विझवायची आठवण राहत नाही, तिच्याकडे त्या महिन्यांत कोण बघणार? टोळीबरोबर नेली तर फडावरच्या अनोळखी कोपीत ती आणखी बावरते. ठेवून गेले तर शेजारणीच्या भरवशावर. उचल घेतलेली असल्याने थांबता येत नाही. ही कुटुंबे निष्ठुर नाहीत, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो.

आता उपक्रमांविषयी, कारण आमची खरी मागणी त्यातच आहे. केंद्र म्हणजे चार खुर्च्या, एक टीव्ही आणि बाहेरून मागवलेली प्लास्टिकची कोडी, असे होऊ नये. ज्या आजोबांनी आयुष्यात कागदाला पेन लावला नाही, त्यांच्यापुढे चित्रांचे ठोकळे ठेवले की ते गप्प होतात आणि शिकवणाऱ्याला वाटते, यांना काहीच कळत नाही. त्याच आजोबांना ज्वारीचे कणीस हातात द्यावे. दाणा भरला की नाही, कोणत्या वाणाचे आहे, हुरड्याला चालेल का, हे ते सांगतात. अल्झायमरमध्ये ताज्या घटना साठवणारा मेंदूचा भाग आधी दुखावतो. हाताला बसलेली कामे आणि कानात मुरलेल्या चाली दुसऱ्या भागांच्या आधाराने पुष्कळ काळ टिकतात. म्हणून काल जेवायला काय होते हे न आठवणारी बाई हरिपाठातला अभंग न अडखळता म्हणून संपवते. ज्या जिल्ह्यात नेवाशाच्या पैस खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि जेथे गावोगावी सप्ताह होतात, तेथे हे साधन वाडी-वस्तीवर तयार आहे.

पण प्रत्येकाचा हरिपाठ नसतो. नगर, राहुरी, श्रीरामपूर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतले वृद्ध नारायण वामन टिळकांच्या भजनांवर वाढले आहेत. मुकुंदनगरच्या किंवा संगमनेरच्या एखाद्या नानीला ‘नात’ ही स्तुतिगीते आणि कव्वाली आठवेल, वाडीतल्या आजोबांना भीमगीते, अकोल्यातल्या ठाकर म्हाताऱ्याला कांबड नाचाचा ठेका. त्यांना एकाच साच्यात बसवले तर काही जण पहिल्याच दिवशी परके होतील. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाची जीवनपत्रिका घरच्यांकडून भरून घ्यावी : माहेर कोणते, काम काय केले, कोणता बाजार, कोणता देव किंवा कोणाची जयंती, आवडते खाणे, लहानपणी काय म्हणून हाक मारत, आणि कोणता विषय काढला की रडू येते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

बायकांसाठी मटकी-हुलगे निवडणे, सूप पाखडणे, शेंगा सोलणे, फुलवाती वळणे, ठिपक्यांची रांगोळी, वाकळेचे तुकडे रंगांनी लावणे ही कामे आहेत. उखाणे आणि अर्धवट सोडलेल्या म्हणी पुऱ्या करणे यात तर हसूही येते. संगमनेर आणि नगर शहरात आयुष्यभर बिड्या वळलेल्या बायका आहेत. त्यांची बोटे आजही मोकळी बसत नाहीत. त्यांच्या हातात तंबाखू न देता नुसता दोरा आणि कापलेला कागद दिला तरी हात चालू लागतात. जात्यावरच्या ओव्यांचा तर साठाच उपलब्ध आहे : गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यातल्या अनेक आज ध्वनिफितींसह ऐकायला मिळतात. पुरुषांसाठी दोर वळणे, चऱ्हाट सोडवणे, सोंगट्या, वाघ-बकरी, पत्ते. काष्टीच्या, घोडेगावच्या किंवा वाळकीच्या जनावरांच्या बाजाराची छायाचित्रे पुढे ठेवून “ही जोडी कितीला जाईल?” एवढे विचारले तरी अर्धा तास बोलणे चालते. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावठी बियाण्यांची परंपरा आहे. बियाणे ओळखण्याचा खेळ तेथे आपोआप जमेल.

दिवसाचे भान देण्याची पद्धतही आपली हवी. आज वार कोणता, तारीख किती, असे विचारले की उत्तर न आल्याने माणूस ओशाळतो. आज घटस्थापना आहे. परडीतली माती, पत्रावळ, सात धान्ये समोर ठेवली तर दिवस कोणता हे विचारावेच लागत नाही. पावसाळ्यात चालू नक्षत्र आणि त्याचे वाहन फळ्यावर चित्राने लिहावे. शेतकऱ्याचे वर्ष तारखेने कमी आणि रोहिणी, मृग, उत्तरा, हस्ताने जास्त चालते.

ओळखीच्या जगण्यातून घेतलेल्या अशा उपक्रमांना शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडमध्ये २००३ च्या सुमारास सिद्ध झालेली, आठवड्यातून दोनदा अशा १४ बैठकांची गटपद्धत सौम्य आणि मध्यम डिमेन्शियात आकलनाला थोडी, पण मोजता येईल इतकी मदत करते. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने ती दक्षिण भारतातील वृद्धांसाठी तिथल्या गाण्यांनी आणि खेळांनी बदलून घेतली; टांझानियाच्या खेड्यांतही तसेच केले गेले. निदानाच्या चाचण्यांचेही असेच आहे : निरक्षर माणसाला लिहायला लावणारी चाचणी चुकीचे उत्तर देते, म्हणून हरियाणातल्या बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात तेथील ग्रामस्थांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली. मराठीत आणि नगरी बोलीत हे काम व्हावे.

काही गोष्टी आम्ही ठामपणे नको म्हणतो. अंगणवाडीतली खेळणी आमच्या आई-वडिलांपुढे ठेवू नयेत. त्यांना ‘बाळ’ म्हणू नये. आजी, आजोबा, अण्णा, माई, जे घरी म्हणतात तेच म्हणावे. भजन मोठ्या स्पीकरवर लावू नये, गोंगाटाने ते बिथरतात. चूक दाखवू नये. आणि धान्य निवडणे हा उपक्रम आहे, केंद्राच्या स्वयंपाकघराची बिगार नव्हे. आजीने निवडलेली मटकी पुन्हा तिच्याचपुढे मिसळून ठेवण्याचा खोटेपणाही करू नये. निवडलेले कोणाच्या तरी ताटात जावे आणि तिने ते पाहावे.

हे चालवणार कोण, असा प्रश्न येईल. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित खेडूत बायकांना आरोग्यसेविका केले आणि जग ते शिकायला येथे आले. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. त्यांच्या तपासणी अर्जात साठीपुढच्यांना विचारायचा एक प्रश्न आधीच छापलेला आहे : जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? ‘होय’ वर खूण पडल्यावर पुढे काय, याचे उत्तर मात्र गावात कोणाकडे नाही. ते उत्तर म्हणजे हे केंद्र.

कायदाही आमच्या बाजूने आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम २० मध्ये जुनाट व झीज होत जाणाऱ्या आजारांच्या उपचारसोयी वाढवण्याची आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव व्यवस्थेची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेत अल्झायमर-डिमेन्शिया झालेल्यांच्या निवासगृहांना अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढील पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३००० रुपये एकदा मिळतात. ऐकू आणि दिसू आले नाही तर कोणताही उपक्रम वाया जातो, म्हणून हे अर्ज केंद्रातच भरून घ्यावेत.

आमच्या मागण्या अशा :

जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेतून पहिल्या वर्षी नगर, पाथर्डी आणि अकोले येथे प्रत्येकी एक केंद्र सुरू करावे. पुढे सर्व १४ तालुक्यांत न्यावे. नवी इमारत नको. वापरात नसलेले समाजमंदिर किंवा शाळेची खोली चालेल, पण शौचालय आत, जमीन न घसरणारी आणि फाटक बंद होणारे हवे. एका केंद्रात पंधरापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत आणि ने-आण करणाऱ्या रिक्षाचा खर्च योजनेत धरावा. तो नसेल तर केंद्र फक्त जवळच्यांचे राहील.

पाथर्डीचे केंद्र यंदाच्या टोळ्या निघण्यापूर्वी, निदान एका खोलीत, उघडावे. ही आमची सर्वांत तातडीची विनंती आहे.

जिल्हा शल्य चिकित्सकांनी जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालये, आशाताई, भजनी मंडळे, सर्व धर्मांचे जाणकार आणि आम्ही कुटुंबीय यांना एकत्र बसवून तालुकावार उपक्रमपुस्तिका आणि जीवनपत्रिकेचा नमुना करावा. सेविकांना प्रशिक्षण आणि वेळेवर मानधन द्यावे. आशाताईंच्या अर्जात खूण पडलेल्या प्रत्येकाची जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणीसह तपासणी व्हावी.

सध्याच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रांना लेखी सूचना द्यावी की विसर पडतो एवढ्या कारणाने कोणाही सभासदाला घरी पाठवू नये. आमच्यातल्या काहींना हा अनुभव आला आहे. ज्याच्याबरोबर वीस वर्षे पत्ते खेळले, त्याला डाव आठवत नाही म्हणून उठवणे हे त्या माणसाला कळते. तो आठवडाभर जेवत नाही.

या विषयावर आपण संबंधित अधिकाऱ्यांसह आमची बैठक पंधरा दिवसांत घ्यावी. बैठक सकाळी अकराच्या आत ठेवावी, ही नम्र विनंती. दुपारनंतर आमची माणसे अस्वस्थ होतात आणि आम्हाला घरी असावे लागते.

आपले विश्वासू,
डिमेन्शियाग्रस्त ज्येष्ठांचे कुटुंबीय व सेवेकरी, अहिल्यानगर जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा रुग्णालय, अहिल्यानगर
मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण, अहिल्यानगर