पाय धुतले, संडास कुणी धुतले?

पहाटे साडेपाचला घंटा. सहाला तोंड धुऊन झाडाखाली एकेकट्यानं बसायचं. मांडीवर पवित्र शास्त्र, हातात पेन्सिल. ह्याला 'शांत वेळ' म्हणतात. सातला कवायत, आठला उपमा नाहीतर पाव. मग गाणी, वचनाचा अभ्यास, जेवण, तासभर सक्तीची झोप, व्हॉलीबॉल, आणि रात्री जाळ पेटवून भोवती साक्षी. आठ दिवस हेच. २००९ सालचा मे महिना, पाचगणी. दहावीची परीक्षा देऊन मी मामेभावासंगं तिथं गेलो होतो. फी मामानं भरलेली.

बौद्धाचं पोर ख्रिस्ती शिबिरात कशाला कडमडलं, असं तुम्ही विचारालच. माझी आई नगरकडच्या मिशनवाल्या घरातली. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढं महारवाड्यातली, मांगवाड्यातली माणसं त्याच्या वळचणीला गेली, त्यात आईचा पणजा. बाप बौद्ध. आमच्या घरात बाबासाहेब आणि येशू एकाच भिंतीवर. भांडण झालं तर आई-बापाचं, त्या दोघांचं कधी नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण टिंगल करणं ही आपली जुनी खोड आहे. तिथं कामाची यादी लावलेली असायची. आज कुणी वाढायचं, कुणी हंडे घासायचे, कुणी पाणी भरायचं, सगळं नावानिशी. मुंबईचं एक मोठ्या घरातलं, फाडफाड इंग्रजी बोलणारं पोरगं. त्यानं माझं उष्टं ताट राखेनं घासलं आणि विसळून पालथं घातलं. सोळा वर्षांच्या आयुष्यात मी हे पहिल्यांदा बघत होतो. एका पंगतीत बसणं सोपं असतं हो. पंगत उठल्यावर कोण वाकतं, ते बघायचं. तिथं पोरं वाकत होती, पोरी व्हॉलीबॉल खेळत होत्या. हे मी विसरलेलो नाही.

शिबिराची ही तऱ्हा अमेरिकेतून आलेली. १८८५ साली न्यूयॉर्क राज्यात वायएमसीएच्या माणसानं मूठभर पोरं घेऊन तंबू ठोकले. ते कॅम्प डडली अजून चालतं. शहरातल्या पोरांना रानात न्यावं, कामाला लावावं, देवाचं ऐकवावं. तेच आपल्या डोंगरावर आलं. पण अमेरिकेत न लागलेला एक प्रश्न इथं लागतो.

सहाव्या रात्री दिवे बंद केले. मेणबत्त्या लावल्या. प्रमुख वक्ते कमरेला टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन आले आणि गुडघ्यावर बसून आमचे पाय धुवायला लागले. येशूनं शिष्यांचे धुतले तसे. माझ्या टाचेवर पाणी पडलं आणि मी रडलो. खोटं कशाला बोलू? ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी घंटेआधी जाग आली. संडासाकडे गेलो. तिथं खालच्या वस्तीतली एक बाई खराटा घेऊन उभी, संगं तिची पोरगी, माझ्याच वयाची. मला बघितलं आणि दोघी भिंतीला चिकटून बाजूला सरल्या. "या दादा, झालंच." ते बाजूला सरणं मला ओळखीचं होतं. माझी आजी तशीच सरायची.

म्हणजे यादीत हंडे होते, ताटं होती, केरवारा होता. संडास नव्हता. आठ दिवसांत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

रात्री प्रश्नपेटीत मी चिठ्ठी टाकली : येशूनं पाय धुतले, आपले संडास कोण धुतं आणि का? वक्त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि म्हणाले, ख्रिस्तात जात नाही, असे प्रश्न मंडळीत फूट पाडतात. मी तर जात हा शब्द लिहिलाच नव्हता!

आमच्या गटाची ताई मात्र पहाटे उठली आणि तिनं खराटा हातात घेतला. आम्ही चारपाच जण मागून. ती बाई घाबरली. म्हणाली, "नका हो ताई, तुम्ही केलं तर माझी रोजी जाईल." ताईच्या हातातला खराटा तसाच राहिला. त्या दिवशी मला कळलं, एका दिवसाचं नम्र होणं हीपण मालकाचीच चैन आहे.

सभागृहात म्हणतात, ख्रिस्तात जात नाही. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेशही तेच म्हणतो : हिंदू सोडून दुसरा धर्म घेतलास तर तू अनुसूचित जातीचा नाहीस. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. म्हणून एका आजीच्या दोन नातवांपैकी माझ्याकडे दाखला आहे, मामेभावाकडे नाही. गावात त्याला आईमाईवरून जातीची शिवी घातली, तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी नाही. देव म्हणतो जात नाही, सरकार म्हणतं जात नाही. फक्त गावाला ते कुणी कळवलेलं नाही. अस्पृश्य ख्रिस्ती होऊनही त्याची जात कशी सुटत नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. इंग्रजी खंडांतला पाचवा काढा आणि वाचा.

आता आपल्याकडे या. गेल्या वर्षी आपल्याच पोरांच्या शिबिराला गेलो होतो. दोन दिवस भाषणं. क्रांती झाली, चहा झाला, परत क्रांती झाली. भाकरी कोण थापत होतं? पोरी. संडास? गावातली एक बाई. मी भिंतीवर कामाची यादी लावू म्हटलं, तर एक दादा हसला, "काय रे, मिशनरी झालास काय?" च्यायला, हंडा घासला की मिशनरी, आणि माईकवर ओरडला की क्रांतिकारक! त्यांच्याकडे यादी होती, जातीचं नाव घ्यायची हिंमत नव्हती. आपल्याकडे हिंमत आहे, यादी नाही. कुणी कुणाला हसायचं?

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या शिबिरात यादी लागली पाहिजे, त्यात पहिल्या ओळीत संडास आणि त्यापुढं अध्यक्षाचं नाव. कुणा बाईचं काम त्यामुळं जात असेल तर तिची मजुरी आधी मोजून द्यायची, आणि तिला दुसऱ्या कामावर घ्यायचं. आणि तिची पोरगी सभागृहात बसली पाहिजे, पुढच्या रांगेत, फी न घेता.

पाचगणीतली ती पोरगी आता माझ्याच वयाची असेल. तिला ना त्यांच्या जाळाशी जागा मिळाली, ना आपल्या माईकशी. आपण अजून कुणाला बाजूला सरायला लावतोय, ते पहाटे उठून बघा. जय भीम.